सतरा नंबरचे केस

काकांच्या सलूनमध्ये एक नियम होता. डोकं आधी धुवायचं, मग नीट बघायचं आणि मगच कात्रीला हात घालायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कोरड्या केसांना काका कात्री लावत नसत.

"कोरडे केस खोटं बोलतात," ते म्हणायचे. "तेल, कंगवा आणि वारा मिळून विरळ जागा झाकतात. पाणी पडलं की डोकं खरं बोलायला लागतं."

"अहो, माझ्या डोक्यात काय आहे हे घरी चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही," निवृत्त मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायचे. "तुम्ही कशाला खोलात शिरताय?"

"आत काय आहे ते तुमचं तुम्ही बघा मास्तर. मी वरवरचाच माणूस."

दुसरा नियम संध्याकाळचा. दुकान बंद करण्याआधी कात्र्या, चिमटे, वस्तरे सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं, पुसायचं आणि ओळीने मांडायचं. तीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. ही खोड त्यांच्याबरोबर घरीही यायची. चमचा खाली पडला की उकळ, कप परत आला की उकळ. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही उकळून काढाल तुम्ही, आणि वर पुसून मांडणीत ठेवाल."

तिला कुणी उकळलं नाही, पण ती गेली. चांगली बोलती-चालती बाई, तीन आठवड्यांच्या आजारात गेली. आलेले नातेवाईक पांगले आणि चौथ्या दिवशी काका घरात एकटे उरले. त्यांना बसवेना. हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे जायचं. म्हणून त्यांनी स्वयंपाकघर धुवायला काढलं. डबे, वाट्या, झाकणं, जे हाताला लागेल ते मोठ्या पातेल्यात घालून उकळलं. फ्रिजच्या दुसऱ्या फळीवर एक झाकणाची छोटी स्टीलची वाटी होती. तळाशी काहीतरी पांढरं होतं. शिळं असेल म्हणून काकांनी तीही पातेल्यात टाकली. लख्ख निघाली. पुसून मांडणीत ठेवली.

संध्याकाळी लेक आली. तिला लहानपणापासून घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टेकली नाही. तिने दूध कोमट केलं, फ्रिज उघडला आणि विचारलं, "बाबा, आईचं विरजण कुठे ठेवलंत?"

काकांनी मांडणीकडे बघितलं. वाटी चकाकत होती.

अठ्ठावीस वर्षं त्या वाटीत रोज चमचाभर दही उरवलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच चमचाभराचं पुढचं दही लागायचं. अर्ध्या गल्लीने तिच्याकडून विरजण नेलं होतं. काका दुसऱ्याच दिवशी दारोदार फिरले. पण आता जो तो दुकानातून डबा आणत होता. सख्ख्या मेहुणीकडेही नव्हतं.

"माझ्याकडे होतं हो भाऊजी, गेल्या वर्षापर्यंत," मेहुणी म्हणाली. "मग म्हटलं, ताई जवळच तर आहे, कधीही मागून आणू. मला काय माहीत, तुम्ही तिच्या दह्याचीही हजामत कराल!"

म्हणाली आणि लगेच जीभ चावली. काका मात्र हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग घरी येऊन बराच वेळ वाटी हातात धरून बसले.

पुढे महिनाभराने भिंगरीने त्यांना एक गोष्ट सांगितली. ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करायची. सहा वर्षांपूर्वी ती तिथे लागली तेव्हा सगळ्यांना घरचं दही आणायला सांगितलं होतं. त्यातले उपयोगी जिवाणू वेगळे काढून, नंबर घालून, अतिथंड कपाटात ठेवले होते. आईच्या दह्यातला एक जिवाणू तिथे होता. नंबर सतरा. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "सतरावा नंबर? आपल्या घरात इतका वरचा नंबर कुणाचा आला नव्हता."

"म्हणजे आहे?" काकांनी विचारलं.

"आहे. पण बाबा, आईच्या दह्यात कितीतरी प्रकारचे जिवाणू होते. हा त्यातला एक."

"एक तर एक. आण की वाटीत घालून."

"नाही आणता येत. प्रयोगशाळेतलं काही खायचं नाही आणि दाराबाहेर न्यायचं नाही. तो बाहेर येणार तो एकाच वाटेने. डेअरीने त्याचं दही बाजारात आणलं तर."

ती वाट कशी आहे हे तिने टेबलावर वाट्या मांडून समजावलं. पोटासाठी चांगले म्हणून हे जिवाणू खायचे, पण जठरातल्या आम्लात त्यातले बहुतेक मरतात. म्हणून त्यांना कोट घालायचा. कोट कसला, तर दुधातल्याच प्रथिनांचा. दूध फाटलं की जे हिरवट पाणी सुटतं त्यात ही प्रथिनं असतात. त्यात जिवाणू मिसळायचे आणि त्या मिश्रणाचे मोहरीहून बारीक गोळे करायचे. जिवाणू प्रथिनाला घट्ट धरून राहिला तर गोळ्याच्या आत राहतो. धरलं नाही तर गोळे होताना बाहेरच्या पाण्यात निसटतो, आणि कोट राहतो रिकामा.

"आणि आपला सतरा धरतो का?"

"धरायलाच हवा. त्याच्या अंगावर केस आहेत बाबा. त्या केसांनीच तो प्रथिनाला चिकटतो. म्हणून तर त्याची निवड झाली."

केस म्हटल्यावर काका ताठ बसले. इतका वेळ विषय तिचा होता, आता त्यांचाही झाला.

भिंगरीने दुसऱ्या दिवशी मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो आणून फ्रिजच्या दारावर चिकटवला. लांबट अंग आणि सगळीकडून बारीक, लांब, मोकळे केस. काकांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला. "कधी कापलेले दिसत नाहीत," एवढंच म्हणाले.

मेहुणी आली तेव्हा तिने विचारलं, "हे काय, सुरवंट लावलाय फ्रिजवर?"

"तुमच्या ताईचं विरजण आहे ते."

तिने जवळ जाऊन बघितलं. "तरीच. अगदी ताईवर गेलंय. एकदा चिकटलं की सुटायचं नाव नको."

पण नेमकं तेच होत नव्हतं. सतरा चिकटत नव्हता. भिंगरीने एकदा गोळे केले, बाहेरचं पाणी दुधाळ. म्हणजे जिवाणू सगळे बाहेर. प्रथिन बदललं, पुन्हा पाणी दुधाळ. तिसऱ्यांदा आम्लाचं प्रमाण बदललं, तरी तेच. येत्या गुरुवारी प्रमुख मॅडम निवड करणार होत्या. तीन जिवाणू स्पर्धेत होते, त्यातले दोन ठेवायचे आणि एकाला रजा. बाकीच्या दोघांचं बरं चाललं होतं.

"रजा म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे काम बंद. पुन्हा कपाटात. आणि कपाटात जागा कमी पडली की जुन्या नळ्या काढतात."

"काढतात म्हणजे उकळतात?"

भिंगरी उठून चहाचे कप आवरायला लागली. उकळतच होते.

बाकी सलूनं सोमवारी बंद असत, काकांचं रविवारी. त्या रविवारी सकाळी भिंगरी दुकानाच्या मागच्या दाराने आत आली आणि खुर्चीत बसली. "बाबा, केस कापा. आखूड करा. डोकं जड झालंय."

"आधी धुवू."

"माहिती आहे."

तिने बेसिनवर मान मागे टाकली. काकांनी पाणी कोमट केलं, मनगटावर बघितलं आणि तिच्या केसांवर सोडलं. तिच्या केसांत जागोजागी गाठी होत्या. आठवडाभर कंगवा लागला नसावा. काकांनी एक गाठ बोटांत धरली, टोकाकडून हळूहळू मोकळी केली आणि मग वर सरकले. हे हात तिला लहानपणापासून ओळखीचे होते. तिचे डोळे मिटले.

"काय काय करतेस तू त्याला? पहिल्यापासून सांग," काका म्हणाले. त्यांना खरं तर तिला बोलतं ठेवायचं होतं. ती गप्प बसली की आईसारखी दिसायची.

"आधी वाढवते. एका रात्रीत भरपूर वाढतात. मग मशीनमध्ये घालून गरगर फिरवते. तळाशी बसतात, घट्ट गोळा होतो. वरचं पाणी ओतून टाकते."

"फिरवायला तुला सांगायलाच नको. मग?"

"मग धुते. मिठाचं स्वच्छ पाणी घालते. पण तो गोळा सहज सुटत नाही, म्हणून नळी थरथरणाऱ्या मशीनवर धरते. अर्धं मिनिट. पूर्ण वेगात. की सगळे मोकळे होतात. पुन्हा फिरवते, पुन्हा पाणी, पुन्हा थरथर. असं तीन वेळा."

काकांचे हात थांबले.

"पूर्ण वेगात?"

"हो. ठरलेली पद्धत आहे. सगळेच करतात."

"हं." पाणी वाहत होतं. "आणि तो फ्रिजवरचा फोटो कधीचा?"

"सुरुवातीचाच. वाढवले त्या दिवशीचा."

"म्हणजे धुण्याआधीचा."

"हो."

"आणि धुतल्यानंतरचा?"

भिंगरीने डोळे उघडले. वर काकांचा चेहरा उलटा दिसत होता, भुवयांच्या जागी मिशा.

"धुतल्यानंतरचा नाही काढला," ती हळूच म्हणाली.

"मग डोकं बघितलंच नाहीस तू," काका म्हणाले. "अगं, माझ्याकडे गाठी झालेले केस येतात. मी जर असा मुळाशी झटका दिला, आणि तोही तीन-तीन वेळा, तर केस डोक्यावर राहतील की माझ्या हातात येतील? माणूस मरणार नाही. घरी चालत जाईल. पण..."

"बाबा, पाणी बंद करा."

"अजून फेस आहे."

"बंद करा म्हणते ना!"

ती उठली, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि तशीच निघाली. काका दारापर्यंत मागे आले. "अगं, निदान पुसून तरी जा! सर्दी होईल!" पण रस्त्याच्या कोपऱ्यावर टॉवेलचं टोक दिसलं आणि भिंगरी नाहीशी झाली.

सोमवारी दुपारी दुकानात फोन वाजला. काकांच्या हातात कात्री होती, खुर्चीत मास्तर होते. काकांनी फोनचा आवाज मोठा करून आरशाखाली ठेवला.

"बाबा! टक्कल!" भिंगरी ओरडली.

मास्तरांचा हात चटकन डोक्यावर गेला.

"पूर्ण टक्कल! एक केस नाही! जिवंत आहेत, धडधाकट आहेत, पण गुळगुळीत! मशीनने भादरलं बाबा सगळ्यांना!"

"तुमचं नाही चाललंय मास्तर, हात खाली घ्या," काका म्हणाले. मग फोनवर वाकले. "केस परत येतील का त्यांचे?"

"यांचे नाही. पण नवे वाढवलेत, त्यांना आहेत. आता प्रश्न एवढाच, की धुवायचं कसं?"

"मला दाखव तू कशी धुतेस ते."

"तुम्हाला आत घेणार नाहीत."

"काच असेल ना मध्ये? काचेतून दाखव."

मंगळवारी दुपारी काकांनी दुकानाला तासाभरासाठी कुलूप घातलं, जे ते लग्न-मरणाखेरीज कामाच्या दिवशी कधी घालत नसत, आणि धुतलेला शर्ट घालून डेअरीत गेले. फाटकावर नाव लिहून घेतलं, बूट काढून प्लॅस्टिकचे मोजे दिले. प्रयोगशाळेच्या बाहेर लांब ओसरीसारखी जागा होती आणि मध्ये जाड काच. आत भिंगरी पांढऱ्या कोटात, डोक्यावर जाळीची टोपी. काकांना ती जाळी बघून बरं वाटलं. इथे केसांचा मान ठेवतात.

तिने नळी वर धरून दाखवली. तळाशी पांढरा गोळा. तिने मिठाचं पाणी ओतलं आणि नळी बोटांत धरून जोराने हलवणार, तेवढ्यात काकांनी काचेवर टकटक केली. मान हलवली. आधी हाताचा पंजा दाखवला, थांब. मग बोटं चाळवून दाखवली. थोडंसं पाणी घाल, भिजू दे. तिने पाणी ओतून टाकलं, पुन्हा थोडंसंच घातलं आणि नळी उभी ठेवली. दोघं काचेच्या दोन बाजूंना वाट बघत उभी राहिली. पाच मिनिटांनी काकांनी मनगट सैल सोडलं आणि दाढीच्या ब्रशने फेस करावा तसं हवेत हळूच फिरवलं. भिंगरीने तसंच केलं. गोळ्याची एक कड सुटली. काकांनी दोन बोटांनी टोक धरल्यासारखं केलं. टोकाकडून. मुळाशी हात नाही.

प्रमुख मॅडम ओसरीतून जात होत्या. त्या थांबल्या. एक म्हातारा माणूस प्लॅस्टिकचे मोजे घालून काचेपुढे हवेत हातवारे करतोय आणि आत त्यांची हुशार संशोधक त्याच्याकडे बघून नळी डुलवतेय. त्यांनी दार थोडं उघडून विचारलं, "हे कोण?"

"माझे बाबा, मॅडम. केस कापतात."

"आणि इथे काय करतायत?"

"धुवायला शिकवतायत."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी नमस्कार केला आणि, हात वर होताच म्हणून, भिंगरीला पुन्हा मनगट दाखवलं.

मॅडम फारशा हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "चौपट वेळ लागतोय याला," त्या म्हणाल्या. "कारखान्यात टाक्याच्या टाक्या धुवायच्या असतात. तीन वेळा असं डुलवत कोण बसणार?"

भिंगरी काही बोलणार, त्याआधी दाराच्या फटीतून काका म्हणाले, "बाई, मी एकदाच धुतो. डोकं काही मळलेलं भांडं नसतं." हे बोलताना त्यांना ती वाटी आठवली. "जास्त धुतलं की जे ठेवायचं तेही जातं. हे मला उशिरा कळलं."

मॅडमनी आतल्या नळीकडे पाहिलं. मग भिंगरीला म्हणाल्या, "आपण तीन वेळा का धुतो?"

"पद्धत आहे म्हणून."

"मग एकदा धुऊन बघ."

बुधवारी सकाळी काका पुन्हा काचेशी होते. कुणी बोलावलं नव्हतं. फाटकावरच्या माणसाने आपणहून मोजे पुढे केले. भिंगरीने एकदाच, हळू धुतलेले जिवाणू दुधाच्या प्रथिनात मिसळले, ठेवले आणि गोळे पाडायला घेतले. बारीक तोंडाच्या नळीतून थेंबामागून थेंब पडत होता आणि खालच्या भांड्यात पडताच पांढरा, गोल, घट्ट होत होता. शेकडो झाले. मग तिने ते खाली बसू दिले.

काकांना तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती. ती पाठ हलत नव्हती, आणि भिंगरी हलत नाही हेच मुळात भयंकर होतं. काकांनी खिशातला कंगवा मुठीत धरला. त्याचे दात तळव्याला टोचले तरी त्यांना कळलं नाही.

ती वळली. दोन्ही हातांत भांडं धरून काचेपर्यंत आली आणि ते काचेला टेकवलं. तळाशी पांढऱ्या गोळ्यांचा थर. वर पाणी. पाण्यातून तिची बोटं दिसत होती, पलीकडची नखंसुद्धा मोजता आली असती. स्वच्छ. एकही बाहेर निसटला नव्हता.

"चिकटला!" ती काचेआडून ओरडली. आवाज आला नाही, पण तोंड वाचता आलं.

काकांनी काचेवर तळवा ठेवला. मग फाटकावरच्या माणसाला जाऊन मिठी मारली, कारण दुसरं जवळ कुणी नव्हतं.

पुढचं सगळं काचेआड झालं. ते गोळे जठरातल्यासारख्या आम्लात दोन तास ठेवले, आणि त्यातले जिवाणू बाकीच्या दोघांपेक्षा जास्त संख्येने जिवंत निघाले. गुरुवारी मॅडमनी यादीतल्या तिसऱ्या नंबराला रजा दिली. तो तेवीस होता. संध्याकाळी भिंगरीने ही बातमी सांगितली तेव्हा काका आधी खूश झाले, मग म्हणाले, "तेवीस कुणाच्या घरचा होता गं?"

"आमच्या हिशेबनिसांच्या आजीचा."

"त्यालाही एकदा हळू धुऊन बघा म्हणावं."

भिंगरीने मॅडमना तसं सांगितलं. तेवीस पुन्हा कामाला लागला.

चाचण्या, परवानग्या, पुन्हा चाचण्या यात चौदा महिने गेले. या काळात मॅडम एकदा केस कापायला सलूनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "घाईत आहे, कोरडेच कापा." पुढचं सांगायला नको. धुऊनच गेल्या.

मग एके दिवशी वाण्याच्या दुकानात सतराच्या दह्याचे नवे डबे आले. काकांनी भिंगरीची वाट पाहिली नाही. स्वतः जाऊन एक डबा घेतला. दुकानदाराने पिशवी देऊ केली, ती नको म्हणाले, दोन्ही हातांत धरून घरी आणला. भिंगरी आणि मेहुणी आधीच येऊन बसल्या होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाबा, आधीच सांगते," भिंगरी म्हणाली. "आईच्या दह्याची चव येणार नाही. यात तिचा एकच आहे."

काकांनी चमचा तोंडात घातला. दोघी बघत राहिल्या.

"नाही," काका म्हणाले. "तिचं जास्त आंबट असायचं."

"तिचं सगळंच जरा आंबट असायचं," मेहुणी डोळे पुसत म्हणाली. "सरका भाऊजी, मला द्या."

तिघांनी मिळून डबा संपवला. म्हणजे संपवत आणला. तळाशी चमचाभर उरलं तेव्हा काकांनी डबा स्वतःकडे ओढला. उठले, दूध कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. मांडणीतून ती झाकणाची वाटी काढली, त्यात उरलेलं दही घातलं, वर दूध ओतलं आणि चमचा अगदी हळू, मनगट सैल सोडून, एकदाच फिरवला.

सकाळी झाकण काढलं. वाटी तिरकी केली. दही जागचं हललं नाही.

काकांनी त्यातलं चमचाभर ठेवून बाकीचं खाल्लं. मग सवयीने उठून पातेल्यात पाणी तापत ठेवलं. चमचा उकळला, कप उकळला. वाटी फ्रिजच्या दुसऱ्या फळीवर ठेवली आणि फोटोखाली जाड अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली. घरात वाचायला दुसरं कुणी नव्हतं, तरी लिहिली.

"वाटीला हात लावू नये. हे तुम्हालाच सांगितलं आहे."